दोन्ही बाजूंनी

सोमवार, १७ मार्च

आधी कालची दुरुस्ती. काल, आल्या दिवशी, मी लिहिले की मंगलीबाईने पोरांना भिववण्यासाठी दाराजवळ मुखवटा टांगला आहे. ते चूक आहे. तो मुखवटा ती स्वतः घालते, तोही तोंडावर नाही, डोक्याच्या मागे. मोहाची फुले वेचताना बाई वाकलेली असते आणि वाघ पाठीमागून येतो. मागेही डोळे दिसले तर तो थबकतो, म्हणून आमच्या संस्थेने गेल्या वर्षी गावातल्या बायकांना हे प्लास्टिकचे चेहरे वाटले. गुलाबी गाल, काळी मिशी, कानांत अडकवायला रबर. बायकांना मिशीवाला चेहरा दिला म्हणून अजून हसतात. मंगलीबाई म्हणते, माह्या नवऱ्याले मिशी नाई, पन माह्या डोक्यामागं हाय.

कालची ओळ मी एकाच रेघेने खोडली आहे, खालचे वाचता येते. हे अब्बांनी शिकवले. घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीने मला दम लागायचा, म्हणून पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अब्बा ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे आणि मी शेजारी बसून पाटीवर लिहायची. चूक पुसू द्यायचे नाहीत. एक रेघ मार, बाजूला ‘दुरुस्ती’ लिही, मग बरोबर ते लिही. पुसलीस तर तू चुकलीच नव्हतीस असे होईल, म्हणायचे.

खोली छान आहे. अंगणात मोहफुले वाळत घातली आहेत, सगळ्या घराला गोड, आंबूस वास. रोजे चालू आहेत. मला वाटले होते सहरीला, पहाटेच्या जेवणाला, या गावात मी एकटीच जागी असेन, पण मोह पहाटे गळतो, त्यामुळे मंगलीबाई माझ्याआधी उठते. एकाच चुलीवर माझा भात आणि तिचा काळा चहा. काल तिने विचारले, दिवसभर पानी बी नाई? काऊन गं पोरी, कोनावर रुसली का?

मंगळवार, १८ मार्च

कामाची पद्धत समजली. जंगलातल्या वाटांवर कॅमेरे जोडीने बांधलेले असतात, वाटेच्या दोन बाजूंना, समोरासमोर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. एकच बाजू पाहिली तर वाघ ओळखता येत नाही. काही समोरून गेले की दोन्ही कॅमेरे एकाच क्षणी फोटो घेतात. धनराजभाऊ, संस्थेचे वाटाडे, कार्डे काढून आणतात. मी लॅपटॉपवर जोड्या लावते. वाघ गावाकडे सरकला की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकायची. मला जंगलात जायची गरज नाही. नियमही तसाच आहे.

आज पहिली सूचना टाकली. दुकानदार कोलूने लिहिले, वाघाचे आधार कार्ड जोडा. सगळे हसले. मीही हसले.

बुधवार, १९ मार्च

ग्रुपमध्ये ‘जागता माणूस’ नावाचा एक जण आहे. त्याने फोटो लावलेला नाही, ॲप देते ते करडे डोके आहे. ते पुढून आहे की मागून, कळत नाही.

त्याचे म्हणणे असे: इथे वाघ नाही. फोटो दुसरीकडचे आहेत. लोकांना भीती घालून गाव उठवायचे आणि जमीन खाणीला द्यायची, असा बेत आहे. गेल्या वर्षी बोडीवर बुधरी गेली, तिला वाघाने नाही, माणसाने मारले.

बुधरी म्हणजे मंगलीबाईची धाकटी जाऊ. बोडी म्हणजे गावामागचे छोटे तळे, त्याच्या काठावर या घराची मोहाची झाडे आहेत. हे मला आज कळले. मंगलीबाई फोनवरचे ते वाक्य धनराजभाऊंकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होती.

मी उत्तर देऊ नये असे आमचे काम पाहणाऱ्या संस्थेच्या ताईंनी सांगितले. पण शंका विचारणे हा गुन्हा नाही. मलाही पुराव्याशिवाय काही पटत नाही. मी लिहिले की तुमची शंका योग्य आहे, पुरावा देते.

गुरुवार, २० मार्च

जोडीच्या कॅमेऱ्यांचे सगळे समजावून लिहिले. दोन्ही कुशींचे फोटो टाकले. कोणत्या वाटेवर, कोणत्या वळणावर, तेही लिहिले. एका बाजूचा फोटो कोणीही बनवेल, एकाच क्षणाचे दोन्ही बाजूंचे बनवणे अवघड आहे, असे लिहिले. खाली मुद्दाम लिहिले: पाहिल्याशिवाय कोणाचेही मानू नका, माझेही नाही.

खूप जणांनी अंगठे दिले. गावातल्या झिंगूने लिहिले, मॅडमनं तं वाघाले वरातीसारखं दोन्हीकडून काढलं.

जागत्या माणसाने एवढेच लिहिले: दोन्ही बाजूंनी दिसते म्हणता. मग माणसाचे तोंड कोणत्या बाजूला येते?

प्रश्न नीट समजला नाही. उद्या उत्तर देईन.

शनिवार, २२ मार्च

बोडीच्या वाटेचे कार्ड आले. चितळ, रानडुक्कर, मोहाच्या टोपल्या घेतलेल्या बायका. त्यांच्या जोड्या लावणे सोपे आहे. कॅमेरा दिसला की त्या वळून पाहतात, म्हणून एका फोटोत बाईचा चेहरा, दुसऱ्यात मिशीवाला मुखवटा.

एक जोडी वेगळी आहे. एकटी बाई. डाव्या कॅमेऱ्यात मुखवटा. उजव्या कॅमेऱ्यातही मुखवटा. क्षण एकच आहे. पायांवरूनही तिचे तोंड कोणीकडे आहे ते कळत नाही, पाय गवतात आहेत.

धनराजभाऊंना दाखवले. म्हणाले, कोन्या पोट्ट्यानं मजाक केली असन, दोन घातले. हे बरोबर वाटते. वाटा मीच ग्रुपवर लिहिल्या होत्या. ओळख लपवायला कोणीही दोन मुखवटे घालेल. मी ती जोडी बाजूला ठेवली. ग्रुपवर टाकण्यासारखे त्यात काही नाही.

सोमवार, २४ मार्च

आज त्याने ग्रुपवर लिहिले: मॅडमने एक फोटो लपवला आहे.

ते फक्त मला आणि धनराजभाऊंना माहीत होते. धनराजभाऊंनी पोराची शपथ घेतली. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचे ठरवले.

संध्याकाळी त्याने आणखी एक ओळ टाकली: दुरुस्ती. एक फोटो नाही, दोन.

‘दुरुस्ती’ हा शब्द कोणीही लिहू शकतो.

मंगळवार, २५ मार्च

बोडीवर वाघीण आहे. दोन बछडे, मांजरीएवढे. दोन्ही कुशी स्वच्छ आल्या आहेत. पिल्ले असलेली वाघीण जागा सोडत नाही आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. मी लगेच सूचना टाकली. बोडीचे मोह आठ-पंधरा दिवस सोडा, हात जोडून सांगते, असे लिहिले.

उत्तरे आली. जुना फोटो आहे. आधी लपवलेला दाखवा. कोलूने लिहिले, मॅडम, एक झाकता अन् एक दाखवता, आमी कोनत्यावर इस्वास ठेवू?

हे खरे होते. मी झाकला होता. म्हणून मी ती जोडी टाकली.

बुधवार, २६ मार्च

कोलूने तो फोटो मोठा करून परत टाकला. त्या बाईच्या खांद्यावर ओढणी आहे. ओढणीचा कोपरा निळ्या जाड दोऱ्याने शिवलेला आहे.

तो दोरा ताडपत्रीचा आहे. अब्बांनी शिवला होता.

कोलूने लिहिले, मॅडम, ओढनी तं तुमची हाय. खूप हसणारे चेहरे आले. मग कोणी हसले नाही.

ओढणी खोलीत खुंटीवर आहे. मी काढून पाहिली. काठाला गवताची कुसळे होती. ती अंगणातली असू शकतात. घडीत मोहाचे एक फूल होते. तेही अंगणातले असू शकते. मी जंगलात गेलेले नाही. हे मला माहीत आहे. पण मी एखाद्या ठिकाणी गेलेच नाही याचा पुरावा कसा देतात, ते मला माहीत नाही.

त्याने आज काही लिहिले नाही.

गुरुवार, २७ मार्च

वनरक्षक येऊन सांगून गेले, बोडीकडे जाऊ नका. बायकांनी त्यांच्यासमोर मुखवटे काढून ढीग केला. जागत्या माणसाने ठरवून दिले आहे: रविवारी सगळ्या बायकांनी मिळून मुखवट्याशिवाय बोडीवर जायचे. वाघ असेल तर दिसेल.

मंगलीबाईने आपला मुखवटा ढिगात टाकला नाही. दाराच्या खिळ्याला परत टांगला. पूर्वी तो बाहेर पाहायचा. आता आत पाहतो.

मी तिच्या पाया पडले. पिल्ले आहेत, बाई, जाऊ नका. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बुधरीले वाघानं नेलं असं मानलं तं मी कोनाले विचारू? वाघाले? मानूस असन तं विचारता येते. मी म्हटले, मी वाघीण पाहिली. ती म्हणाली, कुठी पाह्यली? तू तं जंगलात गेलीच नाई म्हन्तेस. मी म्हटले, कार्डात पाहिली.

ती म्हणाली, कार्डात तं तू बी हायेस.

मग सुपात पाहत म्हणाली, तूच सांगतलं ना पोरी, पाह्यल्याशिवाय मानू नका. आमी पाह्याले चाल्लो.

शुक्रवार, २८ मार्च

जुम्मा. नमाज पढले. मन लागले नाही. भीती वाटते असेही नाही. इफ्तारला चहा हातावर सांडला. कातडी लाल झाली आहे. कळले नाही.

धनराजभाऊंना विचारले, हा माणूस कोण? कोणत्या गावचा? कोणीही त्याला पाहिलेले नाही. त्यांनी कार्डांची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, राग नोका मानू मॅडम. मले तं वाटलं तुमीच हा. लोकाईनं प्रश्न विचारावं म्हनून दोन्हीकडून लिहून राह्यल्या. बोलनं तसंच हाय. ते दुरुस्ती बी.

मी फोन त्यांच्या हातात दिला. पाहा म्हटले. त्यांनी पाहिला. त्या नावाचे काही नव्हते. म्हणाले, पुसलं बी असन.

मी पुसत नाही. मी कधीच —

त्याचे सगळे लिहिणे परत वाचले. तो कुठेही खोटे बोललेला नाही असे वाटले. मग माझे वाचले. मीही नाही.

शनिवार, २९ मार्च. दुपार.

बायका टोपल्या शेणाने सारवत आहेत. मंगलीबाई गाणे म्हणते आहे. संस्थेच्या ताईंना फोन लावला. लागला नाही. अब्बांना लावला. आवाज ऐकून फोन ठेवला.

ठरवले आहे. त्यांच्या आधी मी जाणार. डबा वाजवत जाणार, म्हणजे वाघीण उठेल आणि तिची डरकाळी गावापर्यंत येईल. दोन्ही कॅमेऱ्यांच्या मध्ये उभी राहणार. उघड्या तोंडाने. एका बाजूला माझा चेहरा येईल, दुसऱ्या बाजूला माझे केस. धनराजभाऊ कार्ड काढतील. मी टाकलेली जोडी नसेल ती, त्यांनी आणलेली असेल. मंगलीबाई मानेल. तिने एवढे मानले तरी —

तिला सांगितले नाही. ती थांबवेल. किंवा थांबवणार नाही.

शनिवार. इफ्तारनंतर.

मंगलीबाईने खजूर आणून ठेवले, कोलूच्या दुकानातले. म्हणाली, उद्या चांद दिसन ना तुमचा. मी हो म्हटले. ती माझ्याशी बोलताना माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिथूनच बोलत होती. जणू तोंड तिकडे —

तो ग्रुपवर आला आहे. लिहितो: उद्या बायकांच्या आधी एक जण जाईल.

मी कोणाला सांगितलेले नाही. फक्त इथे —

शनिवार. अजून.

दुरुस्ती. गुरुवारी लिहिले की मुखवटा दाराच्या खिळ्याला आहे. खिळा रिकामा आहे. मंगलीबाई अंगणात आहे, तिच्याकडे नाही. विचारले. तिने माझ्याकडे पाहिले आणि हसली, तुह्याजवळ तं हाय.

कानांमागे रबर रुतते आहे. कधीपासून ते —

हात लावून पाहिला. मागे मिशी आहे. गाल गार आहेत. पुढे हात लावला. पुढेही गार —

आरसा आणत नाही. गरज नाही. दिवस ठरलेला आहे. रविवार, ३० मार्च, सहरीनंतर, बायका निघायच्या आधी, मी बोडीवर —