मागचं डावं चाक

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
मागच्या डाव्या चाकात पुन्हा हवा कमी. पायाच्या पंपाने भरली. दीडशे वेळा पाय मारला, म्हणजे व्यायामही झाला. उज्वला म्हणते, पंक्चर काढून आणा, कोपऱ्यावर तर दुकान आहे. तिला समजावलं की हे पंक्चर नाही, स्लो लीक आहे. नाशिकला अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. लीक म्हणजे काय हे बायकोकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही.

दुपारी ४
नामपूरहून मैनावहिनींचा फोन. दादाचं हृदय फार कमी चालतंय. मालेगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमची आठवण काढताहेत, येऊन जा.
म्हणजे शेवटी बोलावणं आलं. तीन वर्षं लागली. संतोषच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव निमंत्रकांत आठवं, तेही 'गोरख' असं छापलं होतं. सख्खा काका, नाव गोरक्ष, आणि आठवा. तेव्हाच ठरवलं होतं, दादा स्वतः बोलावेल तेव्हाच नामपूरला पाय ठेवायचा. त्याला बहुतेक माफी मागायची असणार. मी ताणणार नाही. मोठ्या मनाने घेणार.
उज्वला म्हणाली, उद्याच निघू. मी म्हटलं, एकशे दहा किलोमीटरचा प्रवास आहे, नियोजन लागतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
नियोजन सुरू. यादी केली: गाडीची कागदपत्रं, टॉर्च, फर्स्ट एड, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, पाण्याच्या बाटल्या. उद्या निघणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
गॅस सिलिंडर येणार होता, म्हणून थांबलो. आला नाही. चाकात हवा भरली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सिलिंडर आला. पण साडेअकराला. दुपारच्या उन्हात टायर तापतात, म्हणून निघणं योग्य नव्हतं. उज्वलाने भरलेली पिशवी नेऊन दारातच ठेवली. हवा भरली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सायंकाळी ६
वहिनींचा दुसरा फोन. दादा विचारतोय, गोरख निघाला का. (अजून गोरखच!) सांगितलं, रविवारी सकाळी नऊच्या आत तुमच्या दारात. रविवारी रस्ता मोकळा असतो.
उज्वलाने स्टेपनी तपासली का विचारलं. सहा वर्षांत एकदाही वापरलेली नाही. न वापरलेली वस्तू नवीनच असते.

८ नोव्हेंबर, शनिवार
पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. विमा कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये घातला. उद्या पाचला उठणे, सहाला निघणे. दादाशी काय बोलायचं तेही ठरवलं. आधी तब्येत. मग तोच विषय काढेल. मी म्हणणार, जाऊ दे दादा, झालं गेलं.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.३५
निघतोय. उशीर माझ्यामुळे नाही. सकाळी चाक पार बसलेलं होतं. हवा भरण्यात पाऊण तास गेला, मग घाम आला म्हणून परत आंघोळ. शर्टही थोडा उशिरा मिळाला.

सकाळी १०.२०. भावडबारीचा घाट
चाक बसलं. सोग्रस फाट्यापर्यंत सगळं व्यवस्थित होतं. घाट चढताना गाडी डावीकडे ओढायला लागली. उज्वला म्हणाली थांबवा. मी म्हटलं रस्ता खराब आहे. अर्ध्या किलोमीटरनंतर आवाज यायला लागला तेव्हा थांबवली.
त्रिकोण पन्नास पावलं मागे लावला. मोजून. किती लोक लावतात?
जॅक निघाला. पाना निघाला. नट मात्र हलत नाहीत. पान्यावर उभा राहिलो, तो निसटला आणि गुडघा आपटला. स्टेपनी खाली काढली. तिच्यात हवा नाही. अजिबात. रबराला बोट लावलं तर आत गेलं. हा उत्पादनातला दोष आहे. आणि पायाचा पंप घरीच राहिला. यादीत नव्हता.
हेल्पलाइनला फोन लावला. पंचेचाळीस मिनिटांत माणूस येतोय. सगळं नियंत्रणात आहे.

१०.५५
एक पिकअप थांबली. मागे कांद्याची रिकामी गोणपाटं. चालवणारा सोमनाथ, नामपूरचाच, दादाच्या गल्लीतला निघाला. खाली उतरून आधी नटच बघायला लागला. मी म्हटलं राहू द्या, कंपनीचा माणूस येतोय. तो म्हणाला, "काका, गाडी ऱ्हाऊ द्या. कोण नेतंय तिला? चला, पुढं दोघं बसा, तासाभरात मोतीरामभाऊंच्या दारात सोडतो. त्यांचं काय खरं नाय, सकाळीच पाहून आलो."
उज्वलाने पिशवी उचललीसुद्धा.
मी नीट विचार केला. एक, बेवारस गाडी रस्त्यात सोडणं नियमात बसत नाही. दोन, माणूस येतोय. आणि तीन वर्षांनी दादाच्या दारात जायचं, तर कांद्याच्या पिकअपमधून उतरायचं? गल्ली बघणार. इस्त्रीचा शर्ट.
मी म्हटलं, आपण गाडीनेच जाऊ. उज्वला माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही गाडीने या." आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. नवऱ्याला घाटात एकटा टाकून. नोंद घेतली आहे.

११.५०
हेल्पलाइनचा माणूस आला नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो वडनेरला आहे, अजून दीड तास. तक्रार क्रमांक घेतला.

१२.१०
उज्वलाचा फोन. पोचली. दादा शुद्धीवर आहे, बोलतोय, चमच्याने चहा घेतला. मला म्हणाली, कसंही करून या, मिळेल त्या गाडीत बसा. मी म्हटलं, बोलतोय म्हणजे उतार आहे, मग घाईचं कारण नाही. तिने फोन ठेवला.
तेवढ्यात देवळ्याच्या दिशेने दोन एसटी गेल्या. हात केला नाही. माणूस आला आणि मी नसलो तर तक्रार रद्द होते.

दुपारी १.२०
आनंदाची गोष्ट. संतोष आला! मोटरसायकलवर, मोठा पाना बांधून. नामपूरहून थेट इथे. म्हणाला, बाबांनी पाठवलं. म्हणजे दादाने मुद्दाम माझ्यासाठी स्वतःचा मुलगा पाठवला. आठव्या नावाची भरपाई झाली म्हणायची. मी संतोषला म्हटलं, बरं झालं आलास, बस, पाणी पी. तो बसला नाही. एका झटक्यात नट सोडवले. मी आधी सैल करून ठेवले असणार.
मला म्हणाला, काका, तुम्ही मोटरसायकलवर मागे बसा, आधी घरी जाऊ, गाडीचं नंतर बघू. मी म्हटलं, आता नट सुटलेच आहेत तर अर्धवट काम कशाला. त्याने घड्याळ पाहिलं. चाक मोटरसायकलवर आडवं बांधून देवळ्याला पंक्चर काढायला गेला. हेल्मेट नव्हतं. नंतर समजावून सांगेन.

२.१५
लिहितो आहे कारण दुसरं काय करावं कळत नाही.
संतोष चाक घेऊन आला. टायरमध्ये खिळा निघाला, जुना, गंजलेला. त्याने चाक चढवलं. चौथा नट आवळत होता तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने तो कान आणि खांद्यामध्ये धरून घेतला, हात कामातच होते. फक्त "बरं" म्हणाला. फोन खिशात ठेवला. पाचवा नट आवळला. जॅक खाली घेतला. पाना पुसून डिकीत ठेवला.
मग रस्त्याच्या कडेला जाऊन खाली बसला, माझ्याकडे पाठ करून.
मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "बाबा गेले, काका."

१० नोव्हेंबर, सोमवार. नामपूर
काल सव्वातीनला पोचलो. संतोष पुढे मोटरसायकलवर, मी मागे गाडीत. फार वेगात जात होता. दोनदा हॉर्न दिला, हळू जा म्हणून. त्याने ऐकलं नाही.
दारात गर्दी. गाडी लावायला जागा नव्हती. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. संध्याकाळच्या आत मोसम नदीच्या काठावर सगळं आटोपलं.
सगळे विचारतात, वाटेत काय झालं? सांगितलं, पंक्चर. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. एका म्हाताऱ्याने "हो, व्हतं कधी कधी" म्हटलं. बाकीचे गप्प राहिले. दुःखात माणसं कमी बोलतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार. नामपूर
वहिनींजवळ बसलो. म्हटलं, वहिनी, दादाबद्दल माझ्या मनात आता काही नाही, सगळं काढून टाकलं. त्या म्हणाल्या, "मनात काय होतं, भाऊजी?"
पत्रिकेचं सांगितलं. त्यांना आठवेना. म्हणाल्या, तीन वर्षं तुम्ही आला नाहीत, तर हे सगळ्यांना सांगायचे, गोरखला कंपनीत फार जबाबदारी आहे, त्याला सुट्टी मिळत नाही. कुणी तुमच्याविषयी वाकडं बोललं तर भांडायचे.
मी मार्चमध्ये रिटायर झालो. हे दादाला कळवलं नव्हतं.
वहिनी बहुतेक माझं मन राखायला बोलत असतील. रुसवा होता हे दादाला माहीतच नव्हतं, असं होऊच शकत नाही. तीन वर्षं म्हणजे काय थोडी होतात?

१५ नोव्हेंबर, शनिवार. नामपूर
उज्वला माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज अंगणात धान्य निवडत होती, तिला सरळ विचारलं, त्या दिवशी इथे काय झालं. तिने सुपातून मान वर न करता सांगितलं.
ती आत गेली तेव्हा दादाने आधी दाराकडे पाहिलं. मग विचारलं, गोरख कुठे? तिने सांगितलं, घाटात आहे, चाक बसलंय. दादा हसला. म्हणाला, त्याला नट सुटायचे नाहीत, लहानपणी सायकलची साखळीसुद्धा मीच चढवायचो. संतोष, तू जा.
संतोष नाही म्हणाला. म्हणाला, बाबा, तुम्हाला अशा अवस्थेत सोडून मी कुठेही जाणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवतो. दादा चिडला. धाप लागली तरी बोलला: "तो एकटा आहे रस्त्यात. तू जा, घेऊन ये." संतोष दादाचे पाय हातात धरून बसला होता, तो उठला.
नंतर दादाने दोनदा विचारलं, संतोष कुठवर पोचला. दोनच्या सुमाराला विचारायचं थांबला.
हे सांगून उज्वलाने सूप पाखडलं. मी म्हटलं, मी संतोषला बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, नाही. तुम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं.
उठून गाडीच्या चारही चाकांची हवा बघून आलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. नामपूर
दहावा. नदीकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण शिवेनात. अर्धा तास गेला. एकेकजण पुढे होऊन हात जोडून बोलत होता. वहिनींना सांभाळू. बागेची काळजी नको. सोमनाथही बोलला.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटा भाऊ. पुढे झालो. काहीतरी ठरवून बोलावं असं माझ्या डोक्यात होतं. म्हणालो, "दादा, मी वेळेत निघालो होतो." एवढंच तोंडातून आलं. कावळा हलला नाही. मागे कुणीतरी खाकरलं.
संतोष शेवटी आला. डोकं भादरलेलं, ओल्या अंगाने. त्याने माझ्या मनगटाला धरलं, पिंडाजवळ नेलं आणि म्हणाला, "बाबा, काकांना घेऊन आलो."
कावळा खाली उतरला.
लोक उठले, हातपाय धुतले, परत निघाले. संतोषने माझं मनगट सोडलं होतं, पण मी तिथेच उभा होतो. सोमनाथ येऊन म्हणाला, चला काका, ऊन लागतंय. त्याच्याबरोबर पिकअपमध्ये बसून घरी आलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार. नाशिक, सायंकाळी ५.३०
एकटाच परत आलो. तेराव्याला पुन्हा जाईन. घर इतके दिवस बंद ठेवणं सुरक्षित नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी थांबा म्हणालं नाही. उज्वला वहिनींजवळ राहिली. कधी येणार विचारलं, तर बघू म्हणाली.
इंदिरानगरला घरी पोचल्यावर संतोषला फोन करायचं ठरवलं. त्याला सगळं नीट सांगायला हवं होतं. कागदावर मुद्दे काढले. हेल्पलाइनने दिलेली वेळ. पंक्चर कधी होईल हे कुणाच्या हातात नसतं. मी त्याला बोलावलं नव्हतं. तीनही वाचून बघितले. तिसरा खोडला. मग पहिला. दुसऱ्यावर बराच वेळ पेन धरून बसलो.
सव्वापाचला फोन लावला. लगेच उचलला.
"बोला, काका."
मी म्हटलं, पोचलो.
तो म्हणाला, बरं झालं. वाटेत गाडीने काही त्रास दिला का?
मी म्हटलं, नाही.
मी मुद्द्यांच्या कागदाची घडी घातली. मग तो म्हणाला, ठेवू का, काका?
ठेव म्हणालो.