निखिलने सांगितलेली भुताची गोष्ट

प्रिय शैलामावशी,

काल ख्रिसमस झाला, तुझ्याशिवायचा पहिला. आज सकाळी भांडी जागेवर ठेवताना वाटलं, काल काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. बाकी सगळे आपापल्या घरी गेलेत, म्हणून मी लिहायला बसले.

तर आधी हे सांगते, की भुतांच्या गोष्टी झाल्या. कॅन्सल केल्या नाहीत.

तुझ्या घरचा माझा पहिला ख्रिसमस आठवतो तुला? मी नागपूरहून नुकतीच अमेरिकेत शिकायला आले होते. सुट्टीमुळे सगळं कॅम्पस ओस पडलेलं. तू इथल्या डब्लिनहून गाडी घेऊन आलीस आणि आम्हा पोरापोरींना कोंबून घरी नेलंस. "मला अहो-जाहो केलंस तर जेवायला मिळणार नाही," असं गाडीतच बजावलंस. संध्याकाळी खिचडी-कढी झाली, बाहेर बर्फ पडत होता, आणि तू म्हणालीस, "चला, आता एकेकाने आपल्या गावच्या भुताची गोष्ट सांगायची."

ख्रिसमसला भुतं? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग तू शेजारच्या बार्बरा आजींचं सांगितलंस. त्यांची आजी इंग्लंडातली. तिच्या लहानपणी ख्रिसमसला शेकोटीपाशी बसून भुतांच्याच गोष्टी व्हायच्या म्हणे. तू त्यांना म्हणाली होतीस, "आमच्याकडे भुतं बाराही महिने असतात. थोडी इकडे बोलावते."

त्या दिवशी कुणाच्या आजोळचा मुंजा आला, कुणाच्या गल्लीतली हडळ आली. मला घरच्या आठवणीने रडू येईल असं वाटत होतं, ते राहूनच गेलं. भुताची गोष्ट सांगता सांगता माणूस आपलं सगळं गाव सांगून टाकतो, हे तुला आधीपासून माहीत होतं का गं?

तुझ्या निखिलचे बाबा, आमचे श्रीकाका, गेले त्या वर्षी मीच तुला फोन केला होता. "मावशी, यंदा नको. बरं नाही दिसत." तू शांतपणे म्हणालीस, "भुताची गोष्ट म्हणजे काय? गेलेलं माणूस परत येतं. यंदा मला तेच ऐकायचंय. या सगळे."

माझी एक तक्रार आहे. आमच्याकडून इतक्या गोष्टी काढून घेतल्यास, स्वतः मात्र एकही सांगितली नाहीस. तुझी पाळी आली, की तू चहा टाकायला उठायचीस.

काल सगळे आमच्याकडे जमले. तुझं घर आवरायला निखिल फ्रीमाँटहून आलाय, त्यालाही बोलावलं. लहानपणी तो गोष्टींच्या वेळी वरच्या खोलीत दार लावून बसायचा, तुला ठाऊकच आहे. "ताई, मी फक्त जेवायला येतो," असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

जेवणं झाली, पण कुणी सुरुवात करेना. शेवटी निखिलच बोलायला लागला. अडखळत, पण मराठीत.

"मी आईच्या घरी एकटाच राहतोय. गेलेली माणसं येतात, असं बंद दारातूनपण तुमचं ऐकत मोठा झालो. म्हणून मी वेट केलं. टीव्ही लावला नाही, जिन्यावर तिचं पाऊल वाजलं तर ऐकू यावं म्हणून. सकाळी तिचापण चहा केला. ती आली नाही."

माझी लेक इरा त्याच्याकडे बघत राहिली. "दॅट्स इट? पण यात घोस्टच नाहीये."

"नाहीये ना," निखिल म्हणाला. "त्याचीच भीती वाटली."

मावशी, तुझ्या घरी इतकी वर्षं ऐकलेल्यांपैकी एकाही गोष्टीची मला इतकी भीती वाटली नव्हती.

मग मंदार बोलायला लागला, पहिल्या वर्षी तुझ्या गाडीत कोंबलेल्यांपैकीच एक. त्याच्या बाबांचं पुण्याला ऑपरेशन होतं, त्या दिवशी तू इथे कॅम्पसवर त्याच्या लॅबबाहेर त्याच्याशेजारी बसून राहिली होतीस, फोन येईपर्यंत, एक शब्दही न बोलता. ते त्याने सांगितलं. मग मी सांगितलं, मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तू मला बर्फात ड्रायव्हिंग शिकवलंस, आणि "घाबरू नकोस" म्हणताना स्वतः दाराची मूठ घट्ट धरून बसली होतीस. निखिल हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि पुढे विचारलं, "अजून आहेत?"

आहेत, मावशी. पुष्कळ आहेत. त्याच्या वरच्या खोलीचं दार बंद होतं तेव्हा खाली जे जे घडलं, ते सगळं आमच्यापाशी आहे. दर ख्रिसमसला त्याला आमच्याकडे बोलावीन, आणि एकेक करून ते त्याच्या हवाली करीन. हा माझा शब्द.

तुझी,
मेधा