एकाच आडनावाची माणसं

बाबा, काल बँकेत पुण्याहून नव्याने आलेल्या मुलीने माझं आडनाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे कधी ऐकलंच नाही." तुम्ही असता तर खुर्ची ओढून बसला असता. होळकरांच्या घोडदळातल्या आपल्या मूळपुरुषापासून सुरुवात, आणि मागे रांग खोळंबलेली. मी सही करून निघाले. ते आडनाव इथे लिहीतही नाही. उच्चारायची हौस तुमची.

तुमचा जन्म आडनावबंधू शोधण्यात गेला. बडोद्याला एक डॉक्टर सापडले, त्यांना तुम्ही मिठाई पाठवलीत. हुबळीला एक न्यायाधीश निघाले, मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी ते "नक्की आपलेच". झाशीला लग्नात बँड वाजवणारं कुटुंब निघालं, त्यांचं मात्र "कुठून तरी उचललेलं नाव". पुरावा ना याचा ना त्याचा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं तुम्हाला म्हणणार कोण? आई तेवढी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पगार पाहून रक्त ठरवता तुम्ही." तुम्ही पेपर जरा वर धरायचात.

मग तुमचं ते कुलसंमेलन. इंदूरच्या राजवाड्याजवळचा हॉल, सगळ्यांना फेटे, दारात तुम्ही अत्तर लावायला उभे. पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथ चालवणारे एक गृहस्थ बायको आणि तरुण मुलाला घेऊन येतात. "साहेब, पेपरात वाचलं. नाव तर एकच आहे ना आपलं, बस, मिलायला आलो." तुमचा अत्तराचा हात मागे जातो. "नाव असेल, भिया. आमच्या पदरच्या चाकरांनी धन्याचंच नाव लावलं. मतलब, रक्ताचा काही संबंध नाही." सगळा हॉल ऐकत होता. मुलाने वडिलांचा दंड धरला आणि ते वळले. मी माफी मागायला मागे धावले. त्या मुलाची आणि माझी ओळख तिथली.

दोनेक वर्षांनी तो भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागला होता आणि आम्ही लग्नाचं ठरवलं होतं. तो एकटाच तुम्हाला विचारायला आला. तुम्ही पापणीही न हलवता म्हणालात, "एक आडनाव, एक कूळ. भाऊ लागतोस तू तिचा. असं बोलणंसुद्धा पाप आहे." चाकराचा पोर बसल्या जागी माझा भाऊ झाला! तो म्हणाला, "त्या दिवशी तर रक्ताचा संबंध नव्हता, काका." तुम्ही म्हणालात, "चहा घेऊन जा." नोकरीत मी पुष्कळ क्षुद्र माणसं पाहिली, बाबा. तुमच्या तोडीचं एकही नाही. आईने हात जोडले म्हणून मी घर सोडलं नाही. तो इंदूर सोडून गेला.

पुढे तुम्ही ठरवलेल्या स्थळाशी माझं लग्न झालं आणि मी आडनाव बदललं नाही. तुम्हाला केवढा हर्ष! सराफ्यात भेटेल त्याला सांगत सुटलात, "पोरीने घराण्याचं नाव टाकलं नाही." शेवटच्या आजारात नर्सलाही तेच सांगितलंत. मी उशाशी बसून ऐकत होते. तेव्हा बोलले नाही, आणि हेही कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्याच्याशी लग्न झालं असतं तर जे आडनाव मी लावलं असतं, तेच लावते आहे. तुमचं म्हणून ते मी एक दिवसही लावलं नाही.