एकेकाला वेगळं विचारायचं

रविवार, २ नोव्हेंबर

झालं! नाही-नाही म्हणता अंगावर घेतलंच. ठाण्याची एक संस्था आपल्या बेने इस्रायल ज्यू घरांची पाहणी करतेय. कोण कुठे राहतं, सण कसे पाळतात, काळज्या कसल्या आहेत. पिंपरी-चिंचवडची घरं माझ्याकडे. "सॅमसनभाऊ, तुम्हाला कोण दार उघडणार नाही?" म्हणाले. खरंच आहे. दुसऱ्याच्या लेथवर हेल्पर होतो, आज कुरुळीत स्वतःचं मशीन शॉप आहे. निम्मं हाताच्या जोरावर, निम्मं तोंडाच्या.

रिव्का म्हणाली, "तुम्ही विचारणार की बोलणार?"

हसलो. बायकोच ती!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

इथल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. आधी संत तुकाराम नगरला हायीमकाकांकडे. प्रश्न: तुम्ही ज्यू आहात हे शेजाऱ्यांना माहीत आहे का? काका म्हणाले, "इतकी वर्षं विचारतायत, ख्रिश्चन का? मी सांगतो, त्यांच्याही आधीचे!" खूप हसले. मग काळजी कसली वाटते, विचारलं. काका चष्मा पुसायला लागले — "मी गेल्यावर प्रार्थनेला दहा पुरुष जमतील का रे इथे?" मी जमवतो की, म्हटलं. उगाच म्हटलं. दहांशिवाय आमची प्रार्थना होत नाही, आणि आत्ताच पुण्याहून माणसं बोलवावी लागतात.

शेवटचा प्रश्न: पुढच्या काही वर्षांत इस्रायलला स्थायिक व्हायचा विचार आहे का? मीच म्हटलं, "तुम्ही कुठे जाताय, काका!" "छे रे बाबा." टिक.

तिथून रावेत. आयटीतलं तरुण जोडपं. "आत्ताच फ्लॅट घेतलाय तुम्ही, कशाला जाताय?" म्हटलं. "नाही, अंकल." टिक. बाहेर येऊन बूट घालत होतो तर दारामागून ती नवऱ्याला म्हणते, "खरं का नाही सांगितलंस?" आणि तो — "अंकलना वाईट वाटलं असतं गं."

कान तिखट असणं चांगलं नाही. घरी येऊन त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

शुक्रवारी दुपारी इब्राहिमभाई नमाजाला जातो, शॉप मी बघतो. शनिवारी माझा शब्बाथ, मी घरी, शॉप तो बघतो. भागीदारी झाली तेव्हापासूनची वाटणी. कागदावर कधी आली नाही, चुकलीही नाही.

आज त्याला सांगितलं, पाहणीत विचारतात, इथे सुरक्षित वाटतं का? फडक्याला हात पुसत म्हणाला, "मलापण विचारा ना कुणीतरी, शेठ." दोघंही हसलो. मग दोघंही मशीनकडे बघत राहिलो.

शॉपमागची जागा मालक सोपानराव भाड्यानं द्यायला तयार आहेत. नवी शेड टाकता येईल. "तुमालाच देनार म्या, पर लवकर सांगा. मागं लई लोकं हायती." लांबचा करार आहे. इब्राहिमभाई एका पायावर तयार. मीही. म्हणजे, जवळजवळ.

रविवार, ९ नोव्हेंबर

ठाण्याहून अविवाचा फोन. पाहणी तीच चालवते. लेकीच्या वयाची, पण बोलणं बँकेतल्या साहेबासारखं.

"अंकल, तुमच्या सगळ्या घरांतून एकच उत्तर आलंय. कुणालाच जायचं नाही. एकालाही नाही?"

"आपले लोक इथे रमलेत, बाळा."

"की तुम्ही विचारता तसं ते सांगतात?"

आता ती स्वतः येणार. काही घरं पुन्हा करणार, प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बसवून. आमचंही घर. स्वतःच्या घरचं स्वतः करायचं नसतं म्हणे.

मी तर केलं होतं. रिव्काच्या नावापुढे 'नाही' मीच लिहून टाकलं. तिला काय विचारायचं, असं वाटलं. आता वाटतंय, विचारायला हवं होतं. आणि विचारायची भीतीही वाटतेय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अविवा आली. माझ्याशी दहा मिनिटांत उरकलं. मग, "अंकल, तुम्ही जरा खाली जाता का?" माझंच घर! गेलो. पार्किंगमध्ये येरझाऱ्या घातल्या. वॉचमन म्हणाला, "काय शेठ, वहिनींनी बाहेर काढलं का?" म्हटलं, तसंच समज.

फार वेळ लागला. 'नाही' म्हणायला इतका वेळ लागत नाही.

वर आलो तर रिव्काचा चेहरा नुकताच धुतलेला.

"काय सांगितलंस?"

"गुप्त असतं ना ते? तुम्हीच सांगत फिरता सगळ्यांना."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावले तिनं. प्रार्थनेचं मनुकांचं सरबत झालं. मग मी हळूच खडा टाकला. ओरना, आमची एकुलती एक, इस्रायलमध्ये अश्दोदला असते. पहिलंच बाळंतपण जवळ आलंय. आणि तिथे कधी रॉकेटचा सायरन वाजेल, सांगता येत नाही. म्हटलं, "ओरनाकडे दोन महिने राहून ये हवं तर."

"हं."

कुठलं बेअरिंग गेलंय ते मी आवाजावरून सांगतो. हा 'हं' काही कळला नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

रिव्कानं मलिदा केला, ओरना सुखरूप सुटावी म्हणून. पोहे, खोबरं, साखर, वर फळं. आमच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबीचं नाव तिनं दोनदा घेतलं. नेमकं काय मागितलं, विचारलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सोपानराव शॉपवर आले. "मंग शेठ, काय ठरलं?" उद्या सांगतो, म्हटलं. उद्या! इब्राहिमभाई माझ्याकडे बघत होता. ते गेल्यावर म्हणाला, "वहिनींना विचारलंत का?"

"कसं विचारू?"

"तोंडानं, शेठ! गिऱ्हाइकाशी तर तासन्‌तास बोलता."

त्याला काय सांगू? जायचंय म्हणाली तर शेड गेली, शॉप गेलं, माझी सगळी मेहनत गेली. आणि नाही म्हणाली तर... तर तो चेहरा का धुतला होता?

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी चहा ओतत होती तेव्हा विचारलं, तिकडे कायमचं जायचंय का तुला? मध्ये एक शब्द बोललो नाही.

"हो, जायचंय," म्हणाली. "मग अविवानं विचारलं, कुणाबरोबर? मी सांगितलं, एकटी." कप माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही शेड घ्या."