तीनशे मुलांचं एकमत

॥ श्री ॥

नांदेड, १३ जून १९९९

ती. सौ. शिवगंगाअक्कास, भुजंगचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दोन वर्षं तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ती आज सांगतो. मी पीएच.डी. करतोय. विषय इन्फर्मेशन सिस्टीम्स, म्हणजे माहिती प्रणाली. तुझ्या जिभेला भिऊन बोललो नव्हतो. गीतांजलीलाही परवाच सांगितलं, तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मी मूळचा कॉमर्सचा. पण कॉलेजात कॉम्प्युटरचा विभाग निघाला तेव्हा टायपिंग येणारा मी एकटाच, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. आता पुढच्या जूनला तिथे विभागप्रमुखाची जागा निघतेय. प्राचार्य म्हणतात, तोवर प्रबंध दाखल झाला तर जागा तुमची, नाहीतर शेषेरावची. शेषेराव माझाच विद्यार्थी. मी शिकवलेल्या पोराकडे मी रजेचा अर्ज द्यायचा, हे मला पचणार नाही.

या डिग्रीला काय काय लागतं ते ऐक. आधी पूर्वपरीक्षा. मग संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचे तास. मग आपल्या विषयात जगात कोणी काय लिहिलं ते वाचायचं. त्यासाठी मी दर शनिवारी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जातो आणि निम्मा वेळ धरणाचं पाणी बघतो. मग आजवर कोणी न विचारलेला प्रश्न शोधून समितीपुढे मांडायचा. माझे चार प्रश्न परत आले. दोन कोणीतरी आधीच विचारलेले, दोन विचारण्यासारखे नव्हते. पाचवा पास झाला. आता माहिती गोळा करायची, प्रबंध लिहायचा, तो बाहेरच्या दोन परीक्षकांनी वाचायचा आणि शेवटी समोर बसवून मला पिळायचं.

तर तो पाचवा प्रश्न. लातूरच्या क्लासमध्ये आता कॉम्प्युटर आलेत, दर सोमवारी आठवड्याच्या परीक्षेचे क्रमांक छापून भिंतीला लागतात. एवढी माहिती मिळाल्यावर पोरगं तिचं करतं काय? सोबत तीनशे प्रश्नावल्या पाठवल्यात. तुझ्या मेसमधल्या आणि शेजारच्या मलप्पा सरांच्या क्लासमधल्या मुलांकडून भरून घे. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय आहेत. मनाला पटेल त्यावर खूण करायची, एवढंच काम.

दाजींना नमस्कार. उत्तरात जीभ आवरती घ्यावी, लोभ मात्र आवरू नये.

तुझा,
भुजंग

॥ श्री ॥

लातूर, २६ जून १९९९

चि. भुजंगास, अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं, गठ्ठा पोचला. दोन वर्षं बायकोला आणि मला न सांगता तू काही करू शकलास, याचंच मला जास्त कौतुक वाटलं. लहानपणी शिरूर अनंतपाळला तुझ्या पोटात शेंगदाणासुद्धा गुपचूप राहत नव्हता.

इकडे बरं आहे. भूकंपाला सहा वर्षं होत आली तरी तुझे दाजी स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणातलं पत्र्याचं शेड काढू या म्हटलं की त्यांचं जेवण कमी होतं. शेवटी मी त्याच शेडात मेस घातली, म्हणजे नवऱ्याची भीती तरी कामाला आली. पोरं हदगाव, उदगीर, देगलूर, कुठून कुठून येऊन राहिलीत. गल्लीत क्लास नाही असं घर उरलं नाही. समोरच्या गिरणीवाल्याने वरचा मजला केमिस्ट्रीला दिलाय, तेव्हा ज्वारी दळून येईपर्यंत दोन समीकरणं आपोआप पाठ होतात.

मलप्पा सरांच्या कानावर घातलं. ते एकदम खुश. म्हणाले, भावाची डिग्री झाली की आमच्या बोर्डावर नाव टाकू, महिन्यातून एकदा येऊन तोंड दाखवलं तरी चालेल.

या डिग्रीला काय काय लागतं ते तू दीड पान लिहिलंस. ही डिग्री कशाला लागते ते लिहायचं राहिलं. शेषेराव सोडून दुसरं कारण असलं तर कळव.

गीतांजलीला आणि पोरांना आशीर्वाद. तुझ्या कागदांची काळजी करू नकोस, एकही कोरा येणार नाही. लोभ आहे, तो कोणत्याही पर्यायावर खूण न करता गृहीत धर.

तुझी अक्का

॥ श्री ॥

नांदेड, २२ ऑगस्ट १९९९

ती. सौ. अक्कास, सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र नाही, नुसता भरलेला गठ्ठा आला. तरी आज माझ्याएवढा सुखी माणूस नांदेडात नसेल.

आकडे कॉम्प्युटरवर घालताना मला दोनदा वाटलं की मी एकच कागद परत परत उचलतोय. चष्मा पुसून पाहिलं. पेनं वेगळी, अक्षरं वेगळी, मत एक. गाईडना तक्ता दाखवला तर ते खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, तीस वर्षांत एवढी एकवाक्यता पाहिली नाही. लातूरचा विद्यार्थी क्रमांक वाचतो, आत्मपरीक्षण करतो आणि अभ्यासाचं वेळापत्रक बदलतो, हे सिद्ध झालं. फक्त दोन मुलं जराशी वेगळी निघाली. गाईड म्हणाले, हीच खरी संशोधनाची जागा. मग मी त्या दोघांच्या मनोवृत्तीवर तीन पानं लिहिली. लेख हैदराबादच्या परिषदेला गेलासुद्धा. त्यावर गाईडचं आणि माझं अशी दोघांची नावं आहेत, त्यांचं आधी.

तू विचारलं होतंस, डिग्री कशाला. गाईडच्या शब्दांत, ज्ञानात भर घालायला. तर माझी भर घालून झाली आहे. डिसेंबरात प्रबंध दाखल करतो.

तुझे उपकार पानावर मावणार नाहीत, म्हणून इथेच थांबतो. लोभ असाच तीनशेच्या एकमताने असावा.

तुझा,
भुजंग

॥ श्री ॥

लातूर, ५ सप्टेंबर १९९९

चि. भुजंगास, अक्काचे अ. उ. आ.

तुझा आनंद वाचून बरं वाटलं. पण सगळं श्रेय मला देऊ नकोस, मलप्पा सरांनी फार कष्ट घेतले.

त्याचं असं झालं. मेसमध्ये कागद वाटले तर पोरं जेवायची थांबली. हदगावचा लखन म्हणाला, मौशी, बरोबर उत्तर कोणतं ते सांगा. मी म्हटलं, मनात येईल ते लिही. तर म्हणतो, मनात आलेलं लिहून गेल्या वेळी अकरा मार्क गेले. आता सीईटी आल्यापासून यांना पर्याय दिसला की घाम फुटतो. चुकलं तर मार्क कापणार का, असंही तिघांनी विचारलं. दोन दिवस कोणी खूण करीना. मग मी सरळ मलप्पा सरांकडे गेले.

सरांनी दुपारभर बसून आदर्श उत्तरं काढली. नवव्या विधानाला ‘सहमत’ की ‘पूर्णपणे सहमत’ यावर अडले, तर गणिताच्या सरांना बोलावून घेतलं. परीक्षेत चारच पर्याय असतात, तेव्हा मधला ‘सांगता येत नाही’ हा छपाईचा दोष असणार, असं दोघांनी ठरवलं. मग फळ्यावर लिहून दिलं आणि अख्ख्या क्लासने पाच मिनिटांत उतरवलं. सगळे पैकीच्या पैकी आले तर बाहेरच्याला संशय येतो, म्हणून मागच्या बाकावरच्या दोघांना मुद्दाम दोन-दोन चुका करायला सांगितल्या. तू तीन पानं लिहिलीस ती त्यांचीच असतील. दोघंही स्वभावाने चांगली आहेत.

मलप्पा सर विचारत होते, निकाल कधी लागणार.

दाजींची तब्येत ठीक. आशीर्वाद आहेतच, लोभाचं तुला ठाऊक आहे.

तुझी अक्का

॥ श्री ॥

नांदेड, १४ सप्टेंबर १९९९

ती. सौ. अक्कास, सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कॉलेजात उघडलं आणि तसाच दोन तास न घेता घरी आलो. गीतांजलीने परत कपाळाला हात लावून पाहिला. या वेळी ताप होता.

गाईडना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या ताईंनी हे कोणाला सांगितलं आहे का. मी म्हणालो, मलाच सांगितलंय. मग तोंडात सुपारी टाकून म्हणाले, मग झालं तर. कागद खरे आहेत, खुणा मुलांच्याच हातच्या आहेत, परीक्षक काही लातूरला जाऊन विचारणार नाही. निम्मे प्रबंध असेच होतात, उरलेल्या निम्म्यांत कागदसुद्धा नसतात.

अक्का, त्यांचं बोलणं मला पटत नाही, पण सोयीचं वाटतंय. डिसेंबर चुकला तर जून चुकला, आणि जून चुकला तर शेषेराव. माझ्या नोकरीत असली जागा पुन्हा निघायची नाही. तेव्हा एक कर. मलप्पा सरांना म्हणावं, निकाल लागला, पोरं पास झाली, आता विषय नको. आणि हे पत्र चुलीत घाल.

काय करू ते तूच सांग. लोभ कमी झाला असेल तर तोही सांग.

तुझा,
भुजंग

॥ श्री ॥

लातूर, ३० सप्टेंबर १९९९

चि. भुजंगास, अक्काचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. पत्र चुलीत घालायला माझ्याकडे चूल नाही, गॅस आला त्याला तीन वर्षं झाली. कपाटात ठेवलंय.

तू मला विचारलंस म्हणून सांगते, गाईड म्हणतो तसं कर. माणूस हुशार आहे. कोणाचा जीव जाणार नाही, तुझ्या दारावर पाटी लागेल, माझ्या मेसलाही शोभा येईल. मलप्पा सरांना मी गप्प केलंय.

आज वर तारीख घालताना हात थांबला, भूकंपाचाच दिवस. दानम्मा वन्संची आठवण आली. भूकंपानंतर पत्र्यांच्या वस्तीत बाहेरगावची शिकलेली माणसं फॉर्म घेऊन यायची. झोप येते का, भूक लागते का, भीती वाटते का, हो की नाही. बायका रांगेत बसलेल्या. वन्सं आपल्या शेजारणीला विचारायच्या, तू काय सांगितलंस गं, आणि तेच सांगायच्या. झोप येते. भूक लागते. भीती वाटत नाही. ती माणसं थँक्यू म्हणून जायची. मी तिथेच बसले होते आणि मलाही वाटलं, चला, वन्सं सावरल्या. पुढे त्या माझ्याकडे राहायला आल्या तेव्हा कळलं, एका हाताने भिंत धरल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नव्हता. घरातली सगळी माणसं गेलेल्या बाईने सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी खरं मानलं, कारण ते लिहायला सोपं होतं.

हे तुला का लिहिलं ठाऊक नाही. त्याचा तुझ्या डिग्रीशी काही संबंध नाही. भाकऱ्या व्हायच्यात, उठते.

लोभ कमी झाला का म्हणून विचारू नये. असले प्रश्न माणूस फॉर्मवर विचारतो.

तुझी अक्का

॥ श्री ॥

नांदेड, १२ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. अक्कास, सा. नमस्कार. वि. वि.

गेल्या आठवड्यात गाईडकडे गेलो आणि म्हणालो, हा प्रबंध मी देत नाही. ते आधी हसले. मग म्हणाले, ही उत्तरं आली कशी असं विचारणारा माणूस जगात नाही. मी म्हणालो, एक आहे, आणि तो माझ्याच घरात राहतो. हैदराबादचा लेख मागे घ्यायला लावला. माझं नाव गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं, त्यांचं गेलं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. आज मात्र मुदतवाढीच्या अर्जावर सही केली, वर म्हणाले, मरा.

प्राचार्यांनाही सांगून टाकलं, आणि शेषेरावचं आगाऊ अभिनंदन करून आलो. तो पाया पडला. तेवढं अवघड गेलं.

दिवाळी करून पोरं मेसला परतली की सुट्टीत मी एकटाच येतो. या वेळी प्रश्नावली नाही, पर्याय नाहीत. दाजींच्या शेडात माझंही अंथरूण घाल. लोभ राहू दे, जागा थोडी लागेल.

तुझा,
भुजंग

॥ श्री ॥

नांदेड, २८ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. अक्कास, सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या शेंगाचटणीवर इथल्या स्टाफरूमने धाड घातली.

तू दिवसभर स्वयंपाकात होतीस म्हणून सगळं तुला कळलं नसेल. पहिले दोन दिवस पोरांनी मला मलप्पा सरांचीच उत्तरं तोंडी ऐकवली, नववंसुद्धा. मग मी विचारायचं सोडलं आणि वरणाचं भगोणं हातात घेतलं. वरण वाढणाऱ्याला कोणी बरोबर उत्तर देत नाही. हदगावचा लखन आपणहून बोलायला लागला. तो भिंतीवरचा कागद वाचतो, पण स्वतःचा क्रमांक नाही, गावाकडच्या दुसऱ्या दोन पोरांचे. कारण तो त्यांच्या खाली गेला की ही बातमी त्याच्या पत्राच्या आधी एस.टी.ने गावात पोचते.

आणि तो उदगीरचा फैजान. म्हणाला, कागद कोण वाचून राहिलंय सर, क्लासात नंबराप्रमाणंच बसवतात. सोमवारी बसलं की समोर कोणाची मान हाय ते बघायचं. मान वळखीची निघाली तर आपण हाय तिथंच हाव. नवी निघाली तर चढलो नाहीतर घसरलो, आणि कोणतं ते मागं वळल्याशिवाय कळत न्हाई, आणि मागं वळायची तर बंदी हाय. हे सांगून त्याने आणखी वरण मागितलं. मी एवढी जाडजूड पुस्तकं वाचली, अक्का, त्यांत मान कुठेच नव्हती.

गाईडनी टिपणं वाचली आणि बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, हा अजून प्रबंध नाही, पण हा प्रश्न आहे. मुलींना विचारा, दुसऱ्या क्लासात जा, निकालानंतर पुन्हा जा. म्हणजे येता जून तर नाहीच, बहुधा त्याच्या पुढचाही नाही. तुला म्हणून सांगतो, मला वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही. पहिल्यांदाच माझ्या वहीत असं काही आहे जे लिहिण्याआधी मला माहीत नव्हतं.

दाजींना सांग, त्यांच्या घोरण्याने मला भीती वाटली नाही, हे खरं उत्तर आहे. लोभ वाढवत जावा, प्रबंध आपल्या गतीने वाढेल.

तुझा,
भुजंग

॥ श्री ॥

लातूर, १२ डिसेंबर १९९९

चि. भुजंगास, अक्काचे अ. उ. आ.

पत्र शेडात मोठ्याने वाचलं. फैजान लाजला, लखन रुसला, त्याच्यावर चारच ओळी आहेत म्हणून.

मलप्पा सरांना मानेची गोष्ट सांगितली तर ते फार गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोर्डावर नवी ओळ आली, संशोधनावर आधारित बैठक व्यवस्था. आत जाऊन पाहिलं तर आडव्या रांगा उभ्या केल्यात, बाकी नंबर तसेच. फी तेवढी वाढलीय. तेव्हा तुझ्या डिग्रीचा फायदा सुरू झाला म्हणायला हरकत नाही, तुला सोडून.

गीतांजलीचं वेगळं पत्र आलं. लिहिते, हे हल्ली घरात जेवताना वाढायला उठतात आणि मुलांशी बोलतात, काळजी करण्यासारखं आहे का. मी कळवलंय, उतरेल हळूहळू.

तुझं अंथरूण अजून शेडातच आहे. दाजी काढू देत नाहीत, म्हणतात, माणूस परत येणार आहे. पोरंही रोज ताटावर बसली की विचारतात, ते सर पुन्हा कधी येणार. काल मी म्हटलं, बाबांनो, बिचाऱ्याची डिग्री काही झाली नाही, हातची जागापण गेली, त्याला तर आता वर्षभर खेटे घालावे लागणार. मला वाटलं, पोरं हळहळतील. फैजानने भाकरी मोडत विचार केला आणि म्हणाला, मंग बरंच झालं की मौशी.

तर ये. लोभाची मुदतवाढ मागावी लागत नाही.

तुझी अक्का