अखेर तुमचंच नाव ठेवलं

प्रिय गौराकाकू,

काल नातीचं बारसं झालं. नाव ठेवलं गौरा. आता तरी राग गेला का?

माझ्या लेकीच्या वेळी किती रुसला होतात! "माझं नाव ठिवाया लाज वाटती व्हय?" आमच्या ज्यू घरात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, गेलेल्याचंच देतात, असं समजावलं तर म्हणालात, "म्हंजी मी मरायची वाट बघतीस!"

लेकीला माझ्या आईचं नाव दिलं. आजारी आजीसाठी आई व्हिएन्नात मागे राहिली. नाझींनी तिला नेलं, ती परत आली नाही.

मी वाचले. बाबा डॉक्टर. निजामाच्या दवाखान्यात नोकरी मिळाली म्हणून सहा वर्षांच्या मला घेऊन ते तेरला आले, तुमच्या शेजारी. आणि युद्ध लागताच इंग्रजांनी बाबांनाच जर्मन ठरवून छावणीत नेलं! ज्यांच्यापासून पळालो, त्यांच्यातलेच आम्ही?

दुसऱ्या दिवशी शिपाई मलाही न्यायला आले. बूट वाजले तशी मी तुमच्या कणगीमागे शिरले. व्हिएन्नात आईनं कपाटात लपायला शिकवलं होतं. तुम्ही दंड धरून बाहेर ओढलंत.

"लपलीस तर हुडकतील. उंबऱ्यावर बस, शेंगा फोड." परकर तुम्ही आधीच नेसवला होता. कपाळाला विभूती फासलीत.

"डाक्टर की बच्ची किधर है?" जमादारानं विचारलं.

"ती गेली पहाटंच. सोलापूरला, कुणा मडमेसंगं. ही माझी हाय."

"इत्ती गोरी?"

"कोड हाय, साहेब. सगळ्या अंगाला. बघा की हात लावून!"

जमादार पायरी उतरून खालीच गेला. सारी गल्ली बघत होती. कुणी चकार शब्द काढला नाही. तो वळणाआड गेला आणि मग काय हसलात सगळे! मीही हसले. व्हिएन्ना सोडल्यापासून पहिल्यांदा.

बाबा सुटून आले, तोवर मी तुमचीच होऊन गेले होते. पुढे कॉलेजात शिकले, शाळेत पोरींना शिकवलं, आणि काल पाळण्याभोवती उभं राहायला जागा नव्हती. आम्हाला संपवायला निघालेले कुठे आहेत आता?

गेल्या वर्षी जाताना मात्र तुम्ही घाई केलीत, काकू. मला अजून भांडायचं होतं.

गौरा चालायला लागली की तिला तेरला आणीन, तुमच्या उंबऱ्यावर उन्हात बसवीन. लपायला मी तिला शिकवणार नाही.

तुमची कोडाची पोर,
रूथ