मृगातला पांढरा डाग

बुधवार, जानेवारीची अखेर. अंबत्तूर.

श्रीपेरुंबुदूरहून कंपनीच्या बसनं येताना मोबाइलवर फोटो आला. ऑस्ट्रेलियातली, इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेली दुर्बीण, मृगातला तेजोमेघ. कडा सुंदर गुलाबी, आणि मधोमध नुसता पांढरा डाग. एक्स्पोजर मीच लांब ठेवलं, अंधुक दीर्घिकांना ठेवतो तसं, सवयीनं. इतक्या तेजस्वी गोष्टीला ते कमी ठेवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण नाइट शिफ्टहून येऊन अर्धवट झोपेत बुकिंग केलं, दुसरं काय होणार.

तसाच साताऱ्याला बाबांना पाठवला. लहानपणी गच्चीवर मला गोधडीत गुंडाळून मृग त्यांनीच दाखवला होता. लगेच फोन आला. वाटलं, आता डागाचं विचारणार. डागाचं नावच नाही.

"इतका वेळ दुर्बिणीशी उभा होतास, थंडी वाजली असेल ना रे? कान बांधले होतेस का?"

किती वेळा सांगितलंय, दुर्बीण तिकडे, मी इकडे. आज पुन्हा सांगायचं त्राण नव्हतं.

"वाजली थोडी," म्हणालो. बसचा एसी थेट डोक्यावर येत होता.

फोन ठेवला आणि रुमाल काढून कान बांधले.